बारा घरांची पाटी

"बाबा, तुम्ही सांगा," असं त्या बाई म्हणाल्या तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर प्लास्टिकचं घड्याळ आणि घड्याळाखाली ठोकळ्यांची बादली. बाबा म्हणता येईल असं कुणी नव्हतं. मग उजेड पडला की इथे येणाऱ्या सगळ्या बायकांना आई म्हणतात आणि पुरुषांना बाबा, बँकेत जसं दिसेल त्याला सर म्हणतात तसं. त्यात आपुलकीचा काही संबंध नाही, फाईलवरची नावं लक्षात ठेवायचे कष्ट वाचतात एवढंच. तरीसुद्धा छातीत काहीतरी बारीकसं अडकलं, माशाचा काटा अडकावा तसं. चार वर्षं दोन महिने मी बाप होतो आणि मला बाबा म्हणून पहिली हाक मारली ती चष्मा साखळीला अडकवलेल्या, पन्नाशीला आलेल्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी. "तिला तहान लागली की ती काय करते?" बाईंनी विचारलं. "पाणी पिते," मी म्हणालो. बायकोनं खिडकीबाहेर बघितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी असले बाबा पुष्कळ बघितले असावेत. "नाही, म्हणजे तिला तहान लागली हे तुम्हाला कळतं कसं?" मी जमिनीवर बसलेल्या आमच्या मुलीकडे पाहिलं. तिला घरात बारकी म्हणतात. ती ठोकळे उचलून त्यांची एकाला एक लावून रांग करत होती आणि तिच्याबद्दल चाललेल्या चर्चेशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मी बरंच आठवून पाहिलं. शेवटी बायको खिडकीकडे बघतच म्हणाली, "बाहीची शिवण चावते. माझ्या. तहान लागली तर चावते, भूक लागली तर नुसती ओढते." बाईंनी ते लिहून घेतलं. मी मनातल्या मनात बायकोच्या गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या उसवलेल्या बाह्या आठवल्या. मला वाटायचं, शिलाई कच्ची असते.

बाईंचं म्हणणं सोपं होतं. बारकी बोलेल तेव्हा बोलेल, पण तोवर तिला सांगता यायला हवं, आणि त्यासाठी एक पाटी करायची. बारा घरांची, प्रत्येक घरात एक चित्र. बोट ठेवलं की झालं बोलणं. "पण आधी तुम्ही बोट ठेवायचं," बाई म्हणाल्या. "दिवसभर. तिच्याशी बोलताना, एकमेकांशी बोलतानाही. पाणी म्हणालात की पाण्यावर बोट. तिनं काही केलं पाहिजे असं नाही. महिना, दोन महिने, तीन महिने तिनं ढुंकून बघितलं नाही तरी चालेल. तिचा हात धरून बोट ठेवायला लावायचं नाही, आणि परीक्षा घ्यायची नाही. मूल कानावर बोलणं पडून पडून बोलायला शिकतं ना, तसंच हे. डोळ्यांवर पडू दे. घरात तुम्ही दोघं बोलता ना आपसात?" "बोलतो ना," बायको म्हणाली. इतकं सफाईदार खोटं बोलता येणाऱ्या माणसाबरोबर आपण राहतो याचं मला कौतुक वाटलं. बाई दोन कागदांवर घरं आखून दाखवत होत्या. अकराच भरा, म्हणाल्या, एक रिकामं ठेवा, काय राहिलं ते नंतर कळतं. मी मात्र तेव्हाच ऐकायचा थांबलो होतो, कारण चित्रं म्हटल्यावर मला पहिल्यांदाच त्या खोलीत आपला काही उपयोग आहे असं वाटायला लागलं होतं.

मी पाट्या करतो. म्हणजे रंगवत नाही. आमच्या कंपनीत खुणांच्या पाट्यांची आखणी होते, ती मी करतो. जिना इकडे, लिफ्ट तिकडे, ओली फरशी, इथे सिगारेट ओढू नका, आग लागल्यास या दिशेनं पळा. ओल्या फरशीवरून घसरणारा जो माणूस तुम्ही इस्पितळात वगैरे बघता, ज्याचा एक पाय हवेत आणि हात मागे, त्याच्यासारखाच एक माझा आहे. त्याच्या कमरेचा कोन ठरवायला मला तीन आठवडे लागले होते. या धंद्याचा पहिला नियम म्हणजे चेहरा काढायचा नाही. चेहरा आला की बघणारा विचार करत बसतो की हा कोण, आणि तेवढ्यात घसरतो. दुसरा नियम असा की धुरात, तीस मीटरवरून, घाबरलेल्या आणि भाषा न येणाऱ्या माणसालाही ते कळलं पाहिजे. वीस वर्षं मी असल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून काम केलंय. तो घाबरलेला, भाषा न येणारा माणूस माझा जवळचा झाला होता. कधीकधी ऑफिसातून घरी येताना वाटायचं की जगात आपल्याला नीट ओळखतो तो तेवढाच. आणि आता तसलंच गिऱ्हाईक घरात निघालं होतं, तेही तीस मीटर नाही, तीस सेंटिमीटरवर, धूर नाही काही नाही. मी दोन दिवस ऑफिसच्या मशीनवर बसून पाटी केली. निळ्यावर पांढरी चित्रं, कोपरे गोल, कडा घासलेल्या, चावलं तरी चालेल असा पत्रा. साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले, "कुणाची ऑर्डर?" मी म्हणालो, "घरची." "मग उधारीवर जाणार," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसत गेले. पण जाता जाता त्यांनी ती पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "सुरेख." साहेब सुरेख म्हणालेत असं त्या कंपनीच्या इतिहासात दोनदा घडलंय.

बायकोनं पाटी जेवणाच्या टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिली. मग वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या घरावर बोट ठेवून म्हणाली, "हे कोण?" "बाबा." "हे तू आहेस?" "हो." "हा पुरुषांच्या संडासाच्या दारावरचा आहे." "खूण तीच असते," मी म्हणालो. "पुरुष म्हटलं की जगात सगळीकडे हाच." "आणि शेजारची फ्रॉकवाली मी?" "हो." ती म्हणाली, "म्हणजे उद्या बाहेर कुठे गेलो की ही प्रत्येक मुतारीपुढे उभी राहून बाबा बाबा करणार," आणि हसली. खरंच हसली, हात तोंडावर न ठेवता. मलाही हसू आलं. त्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरात इतका परका वाटला की आम्ही दोघंही जरा दचकून थांबलो, दुसऱ्याच्या घरात टीव्ही मोठ्यानं लागल्यासारखे. बारकी टेबलाखाली होती. तिनं पाटी घेतली, तिचा कोपरा चाखून पाहिला, पत्र्यावर नख ओढून आवाज ऐकला, आणि चित्रांची बाजू जमिनीकडे करून ती कपड्यांचे चिमटे मांडायला ट्रे म्हणून वापरायला सुरुवात केली. कडा घासलेल्या होत्या ते बरं झालं, एवढंच मी म्हणू शकतो.

पुढच्या भेटीत बाईंनीही सुरेख म्हटलं. त्या शब्दाची मला आता धास्ती वाटायला लागली होती. "पण बाबा, हे वाचणार कोण?" त्यांनी विचारलं. "हा पेला आहे. हिनं पेल्यातून कधी पाणी प्यायलंय?" नव्हतं. बारकीचं पाणी म्हणजे झाकणाला दातांचे व्रण पडलेली पिवळी बाटली. पेल्यात असतं ते पाणी नव्हे, ते मोठ्या माणसांचं काहीतरी. हे बायकोला माहीत होतं आणि तिनं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं, आणि हे दोन्ही त्या खोलीत सगळ्यांना कळलं. दुसरी पाटी पुठ्ठ्याची झाली. तिच्यावर पिवळ्या बाटलीचा फोटो, केळ्याचा फोटो, रिकाम्या ताटलीचा फोटो म्हणजे संपलं, घराच्या दाराचा फोटो म्हणजे बाहेर. माझ्या चित्रांतली फक्त चार टिकली: हवं, नको, थांब, आणि पुन्हा म्हणजे गोल फिरून आलेला बाण. ज्यांचा फोटो काढता येत नाही अशा गोष्टी माझ्याकडे राहिल्या. मदतीसाठी बायकोनं तिचा स्वतःचा पालथा हात दिला. आणि बाबासाठी तिनं मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. "हस जरा," ती फोन धरून म्हणाली. "कशाला? मी काय असा हसत असतो?" "नाही. बरं, नको हसू." तिनं सात फोटो काढले. नंतर एक निवडायला म्हणून फोन माझ्या हातात दिला तेव्हा मी मागे मागे सरकवत गेलो, आधीचे बघत. चार वर्षांच्या फोटोंत मी होतो, नव्हतो असं नाही. एका ठिकाणी माझं मनगट होतं, एका ठिकाणी गुडघा. बारकीला धरून ठेवणारा हात म्हणून मी पुष्कळ ठिकाणी होतो.

हे असं का झालं, असं मी त्या दिवसांत स्वतःला विचारत असे, आणि विचारायचं नाटक करत असे. कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते फक्त मलाच माहीत होतं. बारकी दोन वर्षांची असताना बायको नुकती परत कामावर जायला लागली होती आणि लस टोचायला मी बारकीला घेऊन गेलो होतो. तिथल्या नर्सनं तिला दोन-तीनदा हाक मारली, तिच्यामागे चावी वाजवली, मला विचारलं, "शब्द किती बोलते?" मी म्हणालो, "आमची शांत आहे." तेव्हा मला त्याचा अभिमान होता. ऑफिसात बाकीचे बाप डोळे चोळत यायचे, पोरांनी रात्रभर जागवल्याच्या कहाण्या सांगायचे, आणि मी म्हणायचो, आमची एकदम शांत, घरात मूल आहे हे सांगूनही खरं वाटणार नाही. नर्सनं एक चिठ्ठी दिली: ऐकणं आणि बोलणं तपासून घ्या, लवकर. त्या चिठ्ठीची मांडणी फार वाईट होती, हे मला स्पष्ट आठवतं. महत्त्वाचा मजकूर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. मी ती कोटाच्या खिशात घातली. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "सगळं ठीक आहे म्हणाले." का म्हणालो? थकून आली होती म्हणून. किंवा मला स्वतःलाच ऐकायचं होतं म्हणून. किंवा सासूबाईंनी फोनवर शंभरदा सांगितलं होतं की त्यांचे सासरे पाच वर्षांचे होईपर्यंत मुके होते आणि मग जे सुटले ते मरेपर्यंत थांबले नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी एरवी त्यांच्याबद्दल म्हणत असे, पण त्या वर्षी मी त्यांच्यावर श्रद्धेनं विश्वास ठेवला. दीड वर्ष असंच गेलं. मग बायकोच एके दिवशी रजा काढून तिला घेऊन गेली, आणि तपासणाऱ्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते, थोडं आधी आला असतात तर. त्या दिवसापासून बायको एक वाक्य म्हणते. रोज नाही, भांडी विसळताना, बारकीची वेणी घालताना, मध्येच, कुणालाही उद्देशून नाही. "मला कळायला हवं होतं." प्रत्येक वेळी मी तिथे असतो. प्रत्येक वेळी माझ्या तोंडात ते वाक्य तयार असतं आणि प्रत्येक वेळी मी मूग गिळतो. मूग म्हणजे किती गिळावेत, याला काही हिशेब?

तर आम्ही पाटीवर बोट ठेवून बोलायला लागलो. सकाळी टेबलावर पाटी मध्ये, दोन्ही बाजूंना आम्ही, आणि बारकी खाली तिच्या चिमट्यांच्या रांगेशी. "पाणी हवं," मी म्हणायचो, पाण्यावर बोट, हवंवर बोट. "केळं संपलं," बायको म्हणायची, बोट, बोट. "बाबा बाहेर." "आई थांब." पहिल्या आठवड्यात लाज वाटायची, दुसऱ्या आठवड्यात हसू यायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आम्हाला कशाची अडचण येत नाहीय. आमच्या संसाराला लागणारं सगळं बोलणं अकरा घरांत बसत होतं. "मदत?" "नको." "बाहेर?" "थांब." एवढ्यात दिवस पार पडायचा. लोकांना भाषा म्हणजे केवढी मोठी इमारत वाटते. आम्ही तिच्या जिन्याखालच्या जागेत आरामात राहत होतो. उलट पाटी आल्यापासून आमचं बोलणं वाढलं असंच म्हणायला हवं, कारण त्याआधी बायको फ्रिजवर कागद लावून जात असे. एकदा तिनं ताटात वाढता वाढता "हवं?" म्हणून माझ्याकडे पाहिलं, बोट माझ्या फोटोवर, आणि मला एकदम वाटलं की विचारतेय ते भाजीबद्दल नाही. मी "हवं" वर बोट ठेवलं. तिनं भाजी वाढली. बारकीनं यातलं काही बघितलं की नाही, देव जाणे. ती चिमटे लावत होती, लाल, लाल, निळा, लाल, लाल, निळा, आणि तिच्या मानेवरचे बारीक केस घामानं चिकटले होते. त्या मानेकडे मी कितीतरी वेळ बघत बसायचो. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, तिनं माझ्याकडे काहीतरी मागावं. काहीही. आईकडे ती मागायची. बाही चावून का होईना, मागायची. माझ्या बाह्या वर्षानुवर्षं शाबूत होत्या.

मग मी ते केलं जे करू नका म्हणून बाईंनी सांगितलं होतं. बायको आंघोळीला गेली होती. बारकी स्वयंपाकघरात आली, इकडेतिकडे बघितलं, आई नाही म्हटल्यावर ओट्यापाशी उभी राहिली. पिवळी बाटली ओट्यावर होती. मला कळलं. चार वर्षांत पहिल्यांदा मला, मला एकट्याला, कळलं की तिला तहान लागलीय. त्या आनंदात माणसानं काय करावं? बाटली द्यावी. मी बाटली उचलली, पाटी तिच्यासमोर धरली आणि म्हणालो, "पाणी? पाणी हवं? दाखव. कुठे आहे पाणी?" तिनं बाटलीकडे हात केला. मी बाटली वर धरली. "इथे. इथे बोट लाव, मग देतो. बाबाला सांग." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, बाटलीकडे पाहिलं, उड्या मारल्या, मग जमिनीवर बसली, मग तिच्या घशातून तो आवाज निघाला जो शेजारचे भिंतीपलीकडून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात आमच्याकडे जरा जास्तच प्रेमानं बघतात. तिनं स्वतःचं मनगट चावलं. मी तरीही बाटली खाली आणली नाही. हे मला सांगितलंच पाहिजे. मी आणखी थोडा वेळ ती वरच धरली, कारण मला वाटत होतं की आता, एका क्षणात, होईल. बायको ओल्या केसांनी आली, तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, बारकीला दिली, तिच्याशेजारी फरशीवर बसली. पाणी घटाघटा जाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. "तहानलेल्याची परीक्षा घेतात का रे?" ती म्हणाली, आवाज न चढवता. "पाणी तिला असंच मिळालं पाहिजे. बोलली म्हणून नाही." मी पाटी पुसली. तिच्यावर काही सांडलं नव्हतं.

नंतर मी पाटीपासून लांबच राहिलो. बोट ठेवायचं काम बायको करायची; मी शिकाऊ उमेदवारासारखा बाजूला बसायचो. त्याच महिन्यात बारकी दोन दिवस उशीवर डोकं आपटत होती, जेवत नव्हती, बायकोलाही जवळ येऊ देत नव्हती. आम्हाला वाटलं, पोट. आम्हाला वाटलं, दात. सासूबाईंना फोनवरून वाटलं, दृष्ट. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात उजेड टाकून बघितलं आणि म्हणाले, आत पू आहे, मोठा माणूस असता तर ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. घरी आल्यावर बायको पेन घेऊन बसली. पाटीतलं रिकामं घर तिनं भरलं. तिनं एक चेहरा काढला, वाकडंतिकडं तोंड, मिटलेले डोळे, गालावर हात. हाताला सहा बोटं झाली होती. "दुखतंय," ती म्हणाली आणि चिकटपट्टी लावली. मी माझ्या नोकरीत एकही चेहरा काढला नव्हता, पण हा तीस मीटरवरून कळला असता, धुरातसुद्धा. स्पीचच्या बाई म्हणाल्या, हेही तुम्हीच वापरून दाखवायचं, ठेच लागली, बोट चेमटलं की लगेच दाखवायचं, नाहीतर तिला कसं कळणार की दुखणं सांगायचं असतं म्हणून.

त्या शनिवारी दुपारी बायको डोळे तपासायला गेली. चष्म्याचा नंबर वाढलाय, असं ती बरेच दिवस म्हणत होती. जाताना म्हणाली, "पाटी खाली ठेव. काही करू नकोस, नुसता बस तिच्याजवळ." मी बसलो. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं आणि बारकी उन्हाच्या कडेनं चिमटे लावत होती. ऊन सरकलं की तीही सगळी रांग सरकवायची, एकेक करून, न कंटाळता. बाहेर कुणीतरी खाट की कपाट ओढत होतं. मला काम नव्हतं. मग बाईंनी सांगितलेलं आठवलं आणि मी मुद्दाम गुडघा टेबलाच्या पायावर आपटला. "आई गं! दुखतंय!" मी चेहऱ्यावर बोट ठेवलं. "बाबा. दुखतंय." बारकीनं एक लाल चिमटा उचलला, निळ्यानंतर ठेवला. माझा अभिनय इतका वाईट होता की मलाच दाद द्यावीशी वाटली नाही. गुडघा मात्र खरंच दुखायला लागला होता. थोड्या वेळानं मी पुन्हा बोट ठेवलं, या वेळी न ओरडता. "बाबा दुखतंय," मी म्हणालो, ऑफिसात फोन उचलून नमस्कार म्हणावा तशा साध्या आवाजात. आणि कुणी ऐकत नाही याची खात्री असल्यामुळे असेल, किंवा ते सहा बोटांचं चित्र फार जवळ होतं म्हणून असेल, मी थांबलो नाही. मी तिला सांगितलं. "तू दोन वर्षांची होतीस. नर्सनं चिठ्ठी दिली होती, तपासून घ्या म्हणून. मी आईला दाखवली नाही. सगळं ठीक आहे म्हणालो. आईला वाटतं तिचं चुकलं. तिचं नाही चुकलं. मी चिठ्ठी फाडून टाकली. दुखतंय." एवढंच. हे वाक्य दोन वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं, त्याला बाहेर यायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

चिमटा ठेवायचा हात मध्येच थांबला होता. बारकीनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळे नव्हेत, तोंड, जिथून ते येत होतं ती जागा. मग ती बसल्या बसल्या सरकत आली, उन्हातून सावलीत, पाटीपाशी. तिचं बोट लाळेनं ओलं होतं. ते हवेत जरा हिंडलं, केळ्यावर गेलं नाही, पाण्यावर गेलं नाही, माझ्या फोटोवरून पुढे गेलं, आणि गोल बाणावर टेकलं. पुन्हा. मला वाटलं चुकून लागलं असेल. तिनं बोट उचललं आणि बाणावर दोनदा आपटलं, दारावर थाप मारावी तसं. तिनं मागितलं होतं. माझ्याकडे. एवढ्या दिवसांची तपश्चर्या, आणि मागून मागितलं तर हे. "पुन्हा?" मी म्हणालो. "पुन्हा. बरं." आणि मी सांगितलं, पहिल्यापासून, तू दोन वर्षांची होतीस, चिठ्ठी, आई, सगळं ठीक आहे, दुखतंय. 'दुखतंय' ला ती हसली. शब्दावर हसली की माझ्या तोंडावर, कुणास ठाऊक; खालचे पुढचे चारही दात दाखवून हसली. आणि बाण. मी सांगितलं. बाण. चौथ्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं की मी गोष्ट सांगतोय तसा सांगतोय, जागच्या जागी थांबून, तिला कुठे हसायचंय ते ओळखून. आणि सांगताना माझ्या नाकातून पाणी येत होतं आणि मी ते बाहीनं पुसत होतो, आणि मी इतका सुखी होतो की हे कुणाला सांगितलं तर लोक मला डॉक्टरकडे नेतील.

दारात किल्ली फिरली ती मला ऐकू आली, पण बारकीचं बोट बाणावर होतं आणि मी वाक्याच्या मध्ये होतो. बायको आत आली. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि ती कपाळावर हाताची सावली धरून उंबऱ्यातच उभी राहिली. मी गप्प झालो. बारकीनं बाण आपटला. "ती..." बायको म्हणाली. तिला नीट दिसत नव्हतं; ती दोन पावलं पुढे आली, वाकली. "ती बोट ठेवतेय? तिनं तिचं तिनं ठेवलं?" "हो." "तू हात धरला नव्हतास ना? खरं सांग." "नाही. शपथ. चार-पाचदा झालं." ती चपला न काढता तशीच फरशीवर बसली, पर्स खांद्याला. त्या मोठाल्या काळ्या बाहुल्यांतून ती बारकीकडे, पाटीकडे, बारकीकडे बघत होती. तिला असं मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "पुन्हा म्हणतेय," ती म्हणाली. "पुन्हा म्हणतेय ना गं माझी राणी. काय पुन्हा? काय हवंय तिला? गाणं म्हणत होतास का रे तू?" "नाही." "मग? काहीतरी करत असशील ना. काय ते कर ना परत, थांबलास का? मला बघू दे." मी म्हणालो, "बोलत होतो." "काय बोलत होतास?"

खाट ओढण्याचा आवाज थांबला होता. मला हवं ते म्हणता आलं असतं. गोष्ट सांगत होतो, म्हणता आलं असतं. एक ते दहा आकडे म्हणता आले असते, तेवढ्याच वाक्यांत, तशाच चालीवर, आणि बारकी कदाचित हसलीही असती. बायको वाट बघत होती, तोंड थोडं उघडं, आनंदानं वेडी झालेल्या माणसाचं असतं तसं, आणि मला कळत होतं की या चेहऱ्याकडे मी शेवटचं बघतोय, पुढचा कसा असेल ते माहीत नाही. बारकीला आमच्या अडचणींचं काही नव्हतं. तिनं आईचा हात बाजूला केला, पाटी माझ्या मांडीवर ढकलली आणि बाणावर पूर्ण तळवा दाबून धरला. "तू दोन वर्षांची होतीस," मी म्हणालो.